कुमारी जेन अ‍ॅडम्स आणि शिकागोचा एकोणिसावा वार्ड

चरित्र लिहावयाचें म्हणजे जन्मतिथीपासून आरंभ करावा अशी चाल आहे. परंतु या बाईंचें नांव निघालें कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती कचऱ्याची गाडी. इ. स. १८९५ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एकोणिसाव्या वार्डांत कचऱ्याच्या गाड्या वेळेवर निघाल्या कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चौतीस वर्षांची एक बाई सकाळीं सहा वाजतां रस्त्यावर हजर असे. गाड्या भरल्या कीं ती आपल्या लहानशा घोडागाडींतून त्यांच्या मागोमाग जाई, व कचरा वाटेंत कोठें न टाकतां ठरल्या जागींच टाकला जातो कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहून परत येई. ही बाई सुखवस्तु घरांत वाढलेली, उच्च शिक्षण घेतलेली व युरोपच्या दोन सफरी केलेली होती. तिनें हें काम कां पत्करलें, आणि त्या कामानें तिला काय शिकविलें, हें आम्ही सांगणार आहों.

जेन अ‍ॅडम्स यांचा जन्म ता. ६ सप्टेंबर १८६० रोजीं इलिनॉय संस्थानांतील सीडरव्हिल नांवाच्या खेडेगांवीं झाला. ती अवघी दोन वर्षांची असतां तिची आई वारली. वडील जॉन अ‍ॅडम्स हे पिठाच्या व लांकडाच्या गिरण्यांचे मालक असून सोळा वर्षें संस्थानच्या कायदेमंडळाचे सभासद होते. अब्राहम लिंकन यांचा व त्यांचा स्नेह होता. लहानपणीं क्षयाच्या विकारानें जेनच्या पाठीचा कणा वांकडा झाला, आणि मान एका बाजूस कलली. आपण कुरूप आहों असें तिच्या मनानें घेतलें. चर्चमध्यें परगांवचे लोक आले म्हणजे ही कुरूप मुलगी या थोर गृहस्थाची आहे हें त्यांना कळूं नये म्हणून ती वडिलांबरोबर न चालतां चुलत्यांबरोबर चाले. एके दिवशीं जवळच्या फ्रीपोर्ट शहराच्या भर रस्त्यांत वडील पेढींतून बाहेर पडले, आणि मुलगी दृष्टीस पडतांच त्यांनीं आपली चकचकीत उंच टोपी काढून तिला अदबीनें लवून नमस्कार केला. त्या क्षणीं तिची ती भीति पार गेली. पालकांपैकीं कोणास मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ वाचावयास वेळ नसेल तर त्यांनीं एवढा एकच प्रसंग मनांत ठेवावा.

जेन आठ वर्षांची असतांना एका रविवारीं नवा सुंदर झगा घालून शाळेस निघाली. वडिलांनीं तिला जुनाच घालावयास सांगितलें. कारण दुसऱ्या मुलींना तसा मिळण्यासारखा नव्हता. चालतां चालतां तिनें विचारलें कीं, लोकांत असा भेद आहे तर त्याला उपाय काय? कपड्यालत्त्यांतील भेद कदाचित् कधींच मिटणार नाहीं, पण विद्या व धर्म यांसारख्या अधिक मोलाच्या गोष्टींत मनुष्यें समान होऊं शकतील, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. ती मुलगी त्या उत्तरावर आयुष्यभर विचार करीत राहिली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इ. स. १८८१ मध्यें रॉकफर्ड येथील स्त्रियांच्या विद्यालयांतून ती पहिल्या क्रमांकानें बाहेर पडली. त्याच उन्हाळ्यांत वडील एकाएकीं वारले. डॉक्टर व्हावें म्हणून ती फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेली, पण पाठीच्या दुखण्यानें तें सोडावें लागलें. पुढचीं सात-आठ वर्षें ना धड आजारी ना धड कामांत, अशीं गेलीं. पैसा होता, विद्या होती, काम नव्हतें. १८८३ सालीं लंडनमध्यें एका शनिवारीं रात्रीं ती गाडीच्या वरच्या मजल्यावर बसून पूर्व भागांतील गरीब वस्ती पाहावयास गेली. उरलेल्या, सडत चाललेल्या भाजीचा तेथें लिलांव चालला होता. एका माणसानें विकत घेतलेली कोबी तेथेंच रस्त्यावर बसून कच्चीच खाल्ली. दिव्याच्या उजेडांत भाजीसाठीं वर झालेले ते असंख्य हात जेनबाईंच्या ध्यानांत कायमचे राहिले. आणि त्याहून बोचली ती ही गोष्ट कीं, तो देखावा पाहतांना आपणांस पुस्तकांतील उतारे आठवले, करावयाचें मात्र कांहींच सुचलें नाहीं. १८८८ सालीं त्या पुन्हा लंडनला गेल्या, तेव्हां तेथील टॉयन्बी हॉल त्यांनीं पाहिला. विद्यापीठांतील तरुण तेथें गरिबांचे शेजारी होऊन राहत होते. त्यांतून त्यांस आपली वाट सांपडली.

त्या काळचें शिकागो म्हणजे एक अफाट पसरलेलें नवें शहर होतें. १८५० मध्यें तेथें सुमारें ३०,००० लोक होते. १८९० मध्यें ते ११ लाखांच्या घरांत गेले. बहुतेक वस्ती परदेशांतून आलेल्यांची किंवा त्यांच्या मुलांची. ता. १८ सप्टेंबर १८८९ रोजीं जेनबाई व त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार या हॉल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यांत राहावयास गेल्या. चार्ल्स हल नांवाच्या व्यापाऱ्यानें १८५६ सालीं तो बांधला होता, म्हणून त्यास हल हौस म्हणत. एका बाजूस दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूस प्रेतसंस्काराचें सामान पुरविणाऱ्याचें दुकान. भोंवतीं इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, पोलंड व रशियांतून आलेले यहुदी असे नाना जातींचे मजूर. घरें लांकडी, एका कुटुंबासाठीं बांधलेलीं व अनेक कुटुंबांनीं भरलेलीं. पुष्कळ घरांना अंगणांतील एका नळाशिवाय पाणी नाहीं, आणि गल्लींत तबेले.

बालवर्ग, कामकरी आयांच्या मुलांसाठीं पाळणाघर, रात्रीच्या शाळा, चित्रशाळा, व्यायामशाळा असें एकेक तेथें निघत गेलें. पुढें संस्थेच्या तेरा इमारती झाल्या. याची यादी देत बसण्याचें कारण नाहीं. यादीपेक्षां पहिल्या नाताळांत घडलेली गोष्ट अधिक बोलकी आहे. मुलांना मिठाई वांटतांना कांहीं लहान मुलींनीं ती घेण्याचें नाकारलें. चौकशी करतां कळलें कीं त्या मिठाईच्या कारखान्यांत सहा आठवडे सकाळीं सातपासून रात्रीं नऊपर्यंत काम करीत होत्या, आणि मिठाई नजरेसमोर आली तरी त्यांना नकोशी होई. त्याच हिवाळ्यांत हल हौसच्या मंडळांतील तीन मुलगे शेजारच्या कारखान्यांत एकाच यंत्रानें जखमी झाले, त्यांतील एक मेला. थोड्याशा डॉलरांत यंत्राला आडोसा करतां आला असता. कारखानदारांना हें कळल्यावर त्यांचें मन द्रवेल असें बाईंना वाटलें होतें. मालकांनीं कांहींच केलें नाहीं. कारण इजा झाल्यास भरपाई मागणार नाहीं असें आईबापांनीं आधींच लिहून दिलें होतें.

मायाळूपणानें हें सुटणारें नव्हतें. त्यास कायदा हवा होता. फ्लॉरेन्स केली या विदुषी १८९१ च्या अखेरीस हल हौसमध्यें राहावयास आल्या, व त्यांनीं घरोघर फिरून शिवणकामाच्या धंद्याची माहिती गोळा केली. १८९३ सालीं संस्थानानें कायदा केला: चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवूं नये, व स्त्रियांनीं आठ तासांहून अधिक काम करूं नये. दोनच वर्षांत संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें आठ तासांचें कलम रद्द ठरविलें. हा खटाटोप चालू असतां कारखानदारांच्या वतीनें असें सुचविण्यांत आलें कीं, बाईंनीं हा नाद सोडल्यास हल हौसच्या कामासाठीं ५०,००० डॉलर मिळूं शकतील. त्यांनीं तें झिडकारलें हें सांगावयास नकोच. पण बाईंस राग आला तो स्वतःचाच. त्यांच्या वडिलांविषयीं अशी ख्याति होती कीं, कायदेमंडळांत इतकीं वर्षें काढूनही त्यांस लांच देऊं करण्याची कोणाची छाती झाली नाहीं. मग आपल्यांत असें काय उणें आहे कीं लोकांस हें सुचावें, असा प्रश्न त्या स्वतःस विचारीत राहिल्या.

आतां कचऱ्याकडे वळूं. गल्ल्यांतून लांकडाचे मोठे पेटारे फरसबंदीस ठोकून बसविलेले असत. त्यांत केर, सडलेलीं फळें, मेलेलीं जनावरें पडत आणि दिवसचे दिवस तशींच राहत. लहान मुलांना खेळावयास दुसरी जागा नसल्यामुळें तीं त्या पेटाऱ्यांवर चढत. वार्डांतील मृत्यूचें प्रमाण शहरांत तिसऱ्या क्रमांकाचें होतें. १८९४ च्या उन्हाळ्यांत हल हौसच्या स्त्रीमंडळांतील बारा जणी, दिवसभर घरकाम करून थकलेल्या, संध्याकाळीं गल्ल्यागल्ल्या फिरल्या व दोन महिन्यांत नियमभंगाचीं १,०३७ प्रकरणें त्यांनीं आरोग्यखात्याकडे धाडलीं. खात्यानें इन्स्पेक्टर बदलले. गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. शेवटीं जेनबाईंनीं वार्डांतील कचरा उचलण्याच्या मक्त्यासाठीं स्वतःच टेंडर भरलें. तें कांहींशा तांत्रिक कारणावरून फेंटाळलें गेलें, परंतु वर्तमानपत्रांत इतका गवगवा झाला कीं महापौरांनीं त्यांस वार्डाच्या कचऱ्याचें इन्स्पेक्टर नेमलें. वर्षाला वेतन १,००० डॉलर. शहरांत ही जागा धारण करणारी दुसरी स्त्री नव्हती.

मक्तेदारास गाड्या नऊच्या तेरा व तेराच्या सतरा कराव्या लागल्या. जमीनदार कोर्टांत खेंचले गेले. एका अरुंद रस्त्यांत अठरा इंच घाण खणून काढल्यावर खालीं फरसबंदी निघाली. ती तेथें आहे हें कित्येक रहिवाशांस ठाऊकच नव्हतें! बाईमाणसानें असलें काम करावें हें पाहून शेजारच्या आयांना प्रथम धक्का बसला. पण आजाऱ्याची शुश्रूषा करणें हें जर स्त्रीचें काम, तर ज्या घाणीनें मुलें आजारी पडतात ती काढणें हेंही तिचेंच, ही गोष्ट हळूहळू त्यांच्या मनांत उतरली. मृत्यूच्या यादींत एकोणिसावा वार्ड तिसऱ्यावरून सातव्यावर आला. एक जागा खालीं नव्हे, चार! थोड्याच वर्षांत नगरपरिषदेनें ती जागाच मोडून दुसऱ्या नांवानें नवी निर्माण केली. नव्या जागेवर स्त्रियांस अर्ज करण्याची मनाई होती.

हें कोणी केलें? वार्डाचे सभासद जॉनी पॉवर्स यांनीं. कचऱ्याच्या मक्त्यांत त्यांचीं माणसें गुंतलेलीं होतीं. हे आयरिश गृहस्थ १८८८ पासून नगरपरिषदेंत होते, आणि सभासदपणाचें वेतन जेमतेम असतांही त्यांचा पैसा वाढतच होता. ट्राम कंपन्यांस शहराच्या रस्त्यांचे परवाने हवे असत. ते परिषदेच्या मतांनीं मिळत, व तीं मतें फुकट नसत. वार्डाच्या शाळा अपुऱ्या, रस्ते चिखलाचे, ट्राममध्यें उभें राहावयास जागा नाहीं. तरी पॉवर्स निवडून येत. हल हौसनें १८९६ सालीं त्यांच्याविरुद्ध एका प्रामाणिक गवंड्यास उभें केलें. मंडळींनीं एक चित्र छापून भिंतीभिंतीवर लावलें: एकीकडे कामाच्या कपड्यांत डब्यांतली भाकरी खाणारा मजूर, दुसरीकडे मेजवानींत शँपेन पिणारा सभासद. चित्र पाहून लोकांनीं मत दिलें तें शँपेनवाल्यास! आपला प्रतिनिधि छातीवर हिरा लावून बड्या लोकांच्या पंक्तीस बसणारा असावा, गवंडी तर आपण सारेच आहोंत, असें त्यांस वाटलें. १८९८ सालीं पुन्हा प्रयत्न झाला; या वेळीं पराभव अधिकच मोठा होता.

येथपर्यंतची हकीकत अनेक शहरांची आहे. जेनबाईंचें वेगळेपण पुढें आहे. त्यांनीं मतदारांस शिव्या दिल्या नाहींत. हे लोक असें कां करतात, याचा त्यांनीं शोध घेतला, आणि तो प्रामाणिकपणें लिहून काढला. पॉवर्स जामीन राहत. भाडें थकलें तर भरीत. लग्नांत आहेर, मयतींत गाड्या. परगांवीं आप्ताच्या प्रेतयात्रेस जावयाचें असल्यास रेल्वेचा फुकट पास. वार्डांतील २,६०० माणसें सरकारी नोकरींत आपणच लाविलीं अशी त्यांची बढाई असे. एका नाताळांत त्यांनीं सहा टन टर्की कोंबडे आणि चार टनांहून अधिक बदकें व हंस वांटले, आणि तेही चौकशीचे तक्ते भरून न घेतां, हंसतमुखानें, घरच्या माणसासारखे.

आम्ही हा प्रसंग वर्गांत सांगितला तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें कीं, यांत वाईट तें काय झालें? आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, हें येथें कबूल करतों. वार्डांतील लोकही हेंच म्हणत. पैसा श्रीमंत कंपन्यांचा, तो गरिबांच्या हातीं आला तर बिघडलें कोठें? परंतु बाईंनीं हिशेब मांडला. ट्रामच्या गर्दींत उभ्यानें जाऊन पूर्ण भाडें देणारा तोच मजूर. ज्या गल्लींतली घाण उचलली गेली नाहीं, तींतील आजारी मूल त्याचेंच. कोंबड्याची किंमत त्यानेंच बारा महिने थोडी थोडी भरलेली होती. फक्त ती देतांना त्यास दिसली नव्हती, आणि कोंबडा मात्र दिसला.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर त्या केवळ हुशार ठरल्या असत्या. त्यांनीं स्वतःच्या घरांतली एक गोष्टही सांगितली. हल हौसच्या पाळणाघरांत कोणी एक नाजूक अर्भक टाकून गेलें. दहा दिवसांपूर्वीं तें सरकारी इस्पितळांत जन्मलें होतें. आईचा ठावठिकाणा लागेना. कांहीं आठवडे जगून, सर्व उपचार करूनही तें गेलें. सरकारी खर्चानें दफन करावें असें ठरलें व अकरा वाजतां गाडी यावयाची होती. नऊच्या सुमारास ही वार्ता शेजारांत पसरली, आणि पांचसहा बायका संतापून धांवत आल्या. मुलाला बेवारशासारखें पुरणार! त्यांनीं आपल्या दारिद्र्यांतून वर्गणी जमविण्यास आरंभ केला. मूल जिवंत असतां आपण त्याची किती काळजी घेतली हें हल हौसच्या मंडळींनीं सांगून पाहिलें. तें कोणास पटेना. त्या दिवशीं जेनबाईंस दिसलें कीं शेजाऱ्यांच्या जिवाला जें सर्वांत लागतें तेंच आपणांस कळलें नव्हतें, आणि जॉनी पॉवर्स यांस तें कळत होतें. ते कोणाच्याही मुलाला गरिबाच्या गाडींतून जाऊं देत नसत. भ्रष्ट मनुष्याच्या अंगीं असलेली ही जवळीक सज्जनांच्या अंगीं कशी येईल, आणि तीच एका घरापुरती न राहतां साऱ्या शहराच्या कारभारांत कशी उतरेल, हा प्रश्न त्यांनीं १९०२ सालच्या आपल्या लोकसत्ता व समाजनीति यांवरील ग्रंथांत मांडला. पॉवर्स यांच्याविरुद्ध मात्र त्यांनीं पुन्हा उमेदवार उभा केला नाहीं.

त्याच १९०२ सालीं शिकागोंत विषमज्वराची सांथ आली. एकोणिसाव्या वार्डांत शहराच्या वस्तीचा छत्तिसावा भाग राहत होता, पण मृत्यूंपैकीं सहावा भाग त्या एका वार्डांतला होता. हल हौसमधील डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीं उघड्या शौचकूपांवरील माशा पकडून तपासल्या व त्यांवर ठपका ठेवला. त्या अहवालानें खात्यांत मोठी खळबळ उडाली आणि कांहीं इन्स्पेक्टर बडतर्फ झाले. पुढें डॉक्टरबाईंस कळलें कीं खरें कारण निराळें होतें: नळ फुटून गटाराचें पाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें होतें, व अधिकाऱ्यांनीं तें दडविलें होतें. आपल्या नांवलौकिकास कारण झालेला शोध चुकीचा होता हें त्यांनीं आत्मचरित्रांत स्वतः नमूद केलें आहे.

पुढील आयुष्य आम्ही थोडक्यांत सांगतों. १८९९ सालीं शिकागोंत मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें, तें जगांतील अशा प्रकारचें पहिलें. त्यामागें हल हौसच्या स्त्रियांचे श्रम होते. १९०५ पासून चार वर्षें जेनबाई शहराच्या शाळामंडळावर होत्या. १९०९ सालीं नीग्रो लोकांच्या हक्कांसाठीं निघालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या आवाहनावर त्यांची सही आहे. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत ज्यांच्यापाशीं शिकले ते प्राध्यापक जॉन ड्यूई शिकागोस असतां हल हौसचे विश्वस्त होते, आणि लोकसत्तेविषयींच्या आपल्या विचारांत त्यांनीं जेनबाईंचें ऋण मानलें आहे.

पहिल्या महायुद्धास त्यांनीं विरोध केला. १९१५ सालीं हेग येथें भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९१७ मध्यें अमेरिका युद्धांत उतरल्यावरही त्यांनीं मत बदललें नाहीं. तेव्हां जीं वर्तमानपत्रें त्यांस संत म्हणत तींच त्यांस देशद्रोही म्हणूं लागलीं. व्याख्यानाचीं निमंत्रणें बंद झालीं. १९३१ सालीं त्यांस शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. ती रक्कम त्यांनीं स्त्रियांच्या शांतता संघास दिली. ता. २१ मे १९३५ रोजीं शिकागोंत त्यांचा अंत झाला. प्रेत हल हौसमध्यें ठेवलें होतें, आणि शेजारचे हजारों लोक दर्शनास आले. दफन सीडरव्हिल येथें वडिलांच्या शेजारीं झालें.

१९६० नंतर शिकागो शहरानें त्याच वस्तीच्या जागीं विद्यापीठ बांधण्याचें ठरविलें. रहिवाशांनीं विरोध केला, बायका महापौरांच्या कचेरींत जाऊन बसल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलें आणि ते हरले. तेरा इमारतींपैकीं हलचा जुना वाडा व एक भोजनगृह तेवढें राहिलें. १९६७ पासून तेथें जेनबाईंच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे. अठरा इंच खणून काढलेला तो रस्ता आतां तेथें नाहीं.